खंडेनवमीपुरती भक्ती

दरवर्षी आश्विन शुद्ध नवमीला बोरगावातील जुन्या घरांचे माळे उघडतात. शिडी लावली जाते आणि पोत्यात गुंडाळलेली कुऱ्हाड, गंजलेले विळे, खुरपी, पहार, एखादा रंधा अशी मंडळी वर्षभराच्या अंधारातून खाली येतात. राखेने घासून त्यांना पाटावर मांडतात, हळदकुंकू लावतात, झेंडूची फुले वाहतात आणि नैवेद्य दाखवतात. आपण त्या दिवसाला खंडेनवमी म्हणतो. शेजारच्या कानडी घरात तीच आयुधपूजा असते. दसरा उलटला की ही सारी मंडळी पुन्हा पोत्यात आणि पोते पुन्हा माळ्यावर. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस त्यांची आठवण कोणालाही होत नाही.

या पूजेवर टीका करण्याचा आमचा हेतू नाही. ज्या वस्तूंनी घर पोसले त्यांच्यापुढे वर्षातून एकदा नतमस्तक व्हावे, ही रीत आम्हांला प्रिय आहे. आमचे भांडण आहे ते या पूजेच्या आडोशाने आपण स्वतःची जी समजूत घालून घेतो तिच्याशी. पिढीजात हत्यारांविषयी आपल्याला फार जिव्हाळा आहे, अशी ती समजूत. पाहुणे आले की आजोबांचा अडकित्ता बाहेर काढायचा, पणजीच्या विळीचे पितळी काम दाखवायचे, "हल्ली असे मिळत नाही" म्हणून उसासा टाकायचा. हल्ली असे का मिळत नाही, हा प्रश्न मात्र विचारायचा नाही. तो विचारला तर उत्तरात आपलेच नाव निघण्याचा संभव आहे.

आमचे स्वतःचे नाव आधी घेतो. काही वर्षांपूर्वी आमचे जुने घर उतरवले. आमचे घराणे शेतकऱ्याचे. पण घरची लहानमोठी सुतारकी घरातच होत असल्याने एक लाकडी पेटी भरून हत्यारे होती. वाकस, दोन रंधे, किंकरी, पटाशा, गिरमिट, शिवाय शेतीचे विळे आणि कोळप्याच्या फासा. नव्या घरात अडगळ नको म्हणून ती पेटी आम्ही भंगारवाल्याला किलोच्या भावाने दिली. लाकडी दांडे वजनात धरायचे नाहीत म्हणून त्याने ते आमच्यादेखतच ठोकून काढले आणि एका बाजूला टाकले. आम्ही पाहत उभे होतो. एक वाकस तेवढा उरला, कारण त्या दिवशी तो शेजाऱ्याने मागून नेला होता. आज आमच्या घरात "वडिलोपार्जित" म्हणून जे काही आहे, ते शेजाऱ्याच्या उसनवारीने वाचलेले आहे. तेव्हा या लेखात जो दोष कोणाला देऊ, त्यात पहिला वाटा आमचा, हे वाचकांनी गृहीत धरावे.

तो वाकस आम्ही पुढे नीट निरखून पाहिला. त्याचा दांडा निदान तीन वेळा बदललेला असावा. पात्याला एकदा नवे पोलाद जोडल्याचा सांधा स्पष्ट दिसतो. आणि धार इतक्या वेळा लावलेली आहे की मूळ पात्याची लांबी आता बरीच घटली आहे. मग आजोबांचा म्हणून त्यात काय उरले? विचार करता आमच्या ध्यानात आले की प्रत्येक पिढीने तो दुरुस्त करून घेतला, हीच त्यातील वडिलोपार्जित गोष्ट होय. वस्तू आपोआप वारशाने येत नाही. तिला दांडा बसवणारा, धार लावणारा आणि ती चालवणारा असे तीन हात जिवंत असतील, तरच ती पुढच्या पिढीत पोहोचते. यांतील एक हात गळला की तिचे भंगार होते किंवा शोभेची वस्तू होते. आणि कामाच्या दृष्टीने पाहिले तर या दोहोंत फारसा फरक नाही.

चांगले हत्यार म्हणजे काय, हे आपल्या घरांतील तरुणांना आता सांगावे लागते, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. विळ्याचे पाते भट्टीत लाल करून पाण्यात बुडवले की पोलाद कडक होते. पण ते काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून लोहार ते पुन्हा बेताने तापवतो. घासून चकचकीत केलेल्या पात्यावर आधी पेंढ्यासारखा पिवळसर रंग चढतो, मग तपकिरी, मग जांभळा आणि अखेरीस निळा. कोणत्या हत्याराला कोणत्या रंगावर थांबवायचे, हे ज्याला कळते त्याच्या विळ्याची धार टिकते आणि तुटतही नाही. लोखंड तोडणाऱ्या छिन्नीला एक रंग, लाकूड तासणाऱ्या पटाशीला दुसरा. हे सारे काही क्षणांत, सावलीत, नुसत्या नजरेने ओळखायचे असते. या कृतीला आपल्याकडे "पाणी देणे" म्हणतात. तेजस्वी माणसाला आपण पाणीदार म्हणतो, तेव्हा हत्याराच्या पात्याचेच पाणी आपल्या मनात असते.

लाकडाचेही तसेच. कुळवाला बाभूळ, कारण ती चिवट आणि जड. कुऱ्हाडीच्या दांड्याला धामण, कारण ती घाव सोसून लवते आणि हाताला झिणझिण्या येऊ देत नाही. दांडा तासताना जाणता सुतार आधी चालवणाऱ्याचा तळहात पाहतो. बाजारातल्या ठोकळेबाज दांड्याने तळहाताला फोड येतात. मापाने तासलेल्या दांड्याला घट्टे पडलेला हात स्वतःहून शोधत जातो. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की असे हत्यार बिघडले तर दुरुस्त होते. बोथट झालेला फाळ तापवून, ठोकून त्याला नवे टोक काढण्याच्या कामाला आपल्या भागात "शेवटणे" असे क्रियापद आहे. फाळ शेवटून आणला, खुरपे शेवटायला टाकले. शब्दात शेवट आहे आणि अर्थ पुन्हा कामाला लागण्याचा आहे. ज्या हत्याराला शेवटता येत नाही त्याचा मात्र खरोखर शेवट होतो. आज बाजारातून आपण आणतो ती हत्यारे बहुतेक या दुसऱ्या जातीची आहेत.

येथे एक आक्षेप येणार, आणि तो रास्त आहे. हे जुन्या गावगाड्याचे गोडवे नव्हेत काय? सुतार आणि लोहार बलुत्यावर राबत होते, तेव्हा त्यांच्या वाट्याला काय येत होते? त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या 'गावगाडा' या ग्रंथाने त्या व्यवस्थेची घडण आणि तिचे दोष दोन्ही मांडले आहेत. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दया पवार यांच्या 'बलुतं'ने तोच गाडा त्याच्या चाकाखाली आलेल्यांच्या नजरेने दाखवला. ही दोन पुस्तके वाचूनही ज्याला बलुत्याचा काळ परत यावा असे वाटते, त्याच्याशी आमचे काही नाते नाही. सुताराच्या मुलाने सुतारच व्हावे, असा आमचा मुळीच आग्रह नाही. हत्यार वारशाने यावे, धंदा जन्माने येऊ नये.

हाताचे हत्यार म्हणजे सुखच, असेही नाही. आपल्या निपाणीत पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी तेंदूच्या पानावर पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने पाने कापली आणि विड्या वळल्या. ती कात्रीही आईकडून लेकीकडे आली. तिच्या मुठीने बोटाला पडलेले घट्टेही आले आणि तंबाखूच्या धुळीने पोखरलेली छातीही आली. त्या कात्रीला कोणी हार घालून गौरवू लागला तर तो त्या बायकांचा उपहासच होईल. जात्याचेही तसेच. पिठाच्या गिरणीने बायकांची पहाटेची झोप त्यांना परत दिली. तिच्याविरुद्ध एक अक्षरही लिहिण्याचा अधिकार आम्हां पुरुषांना नाही.

यंत्राशीही आमचे वैर नाही. बेळगावच्या भूमीवर राहून यंत्राशी वैर धरणे हा कृतघ्नपणा ठरेल. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलच्या दुकानापासून आरंभ केला. पुढे तेथेच कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर तयार झाले. लोखंडाच्या नांगराने जमीन विषारी होईल, अशा समजुतीने शेतकरी आरंभी तो घेईनात, ही हकीकत प्रसिद्ध आहे. १९१० मध्ये त्यांनी बेळगाव सोडले आणि कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. तो लोखंडी नांगर त्या काळचा नवा माल होता. आज त्याच नांगराचा सांगाडा एखाद्याच्या परड्यात दिसला की आपण त्याला "जुने ते सोने" म्हणतो. यावरून एवढेच दिसते की हत्याराचा कस त्याच्या वयावर ठरत नाही. ते नीट घडवलेले आहे काय, गावात दुरुस्त होते काय आणि चालवणाऱ्याच्या कामाला उतरते काय, हे तीन प्रश्न नव्याला आणि जुन्याला सारखेच विचारले पाहिजेत. ट्रकच्या कमानीचा जुना पाटा तोडून त्यातून उसाचा कोयता घडवणारा लोहार आमच्या लेखी परंपरेचाच वारस आहे.

मग आमचा राग नेमका कशावर? तो आहे आपल्या हिशेबावर. शहरातल्या झगमगत्या दुकानात चाकूंचा संच घेताना आपण चिठ्ठीवरची किंमत मुकाट्याने मोजतो. आणि उन्हाळ्यात, पेरणीच्या आधी, एखादे घिसाड्याचे कुटुंब रस्त्याकडेला भट्टी मांडून बसते, बाई घण मारते, पोर भाता चालवते, तेव्हा विळा शेवटण्याच्या मजुरीतून आपण दहा रुपये कमी करायला लावतो. त्यांची पाले आपल्या दारासमोर नकोत म्हणून पंचायतीकडे तक्रार करणारेही आपणच असतो. आणि नंतर म्हणतो, आता कारागीर राहिले नाहीत. कारागीर राहावेत यासाठी आपण त्यांना बसायला चार हात जागाही देत नाही.

पुढे हीच मंडळी मुलाबाळांना घेऊन कोल्हापूरजवळच्या कणेरी मठाला जातात. तेथील सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालयात लोहार, सुतार, कुंभार आपापल्या कामात गढलेले मूर्तिरूपाने दिसतात. संग्रहालय उत्तम आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील अडकित्ते, दिवे आणि कुलपे पाहताना तर एका माणसाच्या ध्यासापुढे मान लवते. अशी संग्रहालये नसती तर किती तरी वस्तू आमच्या पेटीच्या वाटेनेच गेल्या असत्या. पण मूर्तीतल्या लोहाराचे छायाचित्र काढून परतताना, रस्त्याकडेच्या जिवंत लोहारावरून मोटार न थांबवता नेणे, ही आपल्या संस्कृतिप्रेमाची खरी मोजणी आहे. संग्रहालयात न्यायचे ते संपलेले. जे अजून संपलेले नाही त्याला आपण वेळेआधीच तेथे नेऊन बसवतो.

सरकारांचेही थोडे पाहू. १७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. सुतार, लोहार, चर्मकार यांच्यासह अठरा व्यवसाय तीत आहेत. प्रशिक्षण, सवलतीच्या व्याजाने कर्ज आणि अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंतचे व्हाउचर, अशी तिची रचना आहे. हे चांगलेच झाले. विशेष म्हणजे या अठरांत हातोडा आणि अवजारे तयार करणारा कारागीरही मोजलेला आहे. मग आमची मागणी सरळ आहे. एका कारागिराला मिळणाऱ्या पंधरा हजारांतील काही भाग दुसऱ्या कारागिराच्या भट्टीपर्यंत पोहोचला पाहिजे. सुताराला पटाशी द्यायची तर ती त्याच तालुक्यातल्या लोहाराकडून घडवून घेण्याची मुभा आणि सोय हवी. नाही तर अवजाराच्या नावाने कारखान्याची खोकी वाटली जातील आणि अवजार घडवणारा यादीत नाव असूनही रिकाम्या हातांनी बसेल.

चामड्याच्या हत्यारांची कथा याहून बोधप्रद आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते एका राज्याला मिळाले नाही. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचा तो एकत्रित मान आहे. १ नोव्हेंबर १९५६ पासून जी सीमा आपल्या काळजाला कापत आली आहे, ती रापी आणि आरीने कधीच मानली नव्हती, हे कागदोपत्री मान्य व्हायला त्रेसष्ट वर्षे लागली. पुढे जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडा या इटालियन कंपनीने त्याच घडणीच्या चपला आपल्या प्रदर्शनात मांडल्या, प्रथम कोल्हापूरचे नाव न घेता. ओरड झाल्यावर मूळ मान्य केले. त्या वेळी आपण सर्वांनी मोठा संताप व्यक्त केला. पण त्या संतापलेल्यांपैकी कितीजणांच्या पायांत त्या दिवशी हाताने शिवलेली चप्पल होती? परक्याने नाव घेतले नाही म्हणून आपण रागावलो. आपण स्वतः तर नाव घेऊनही माल घेत नाही.

आता मंडळाच्या वाचकांशी अधिक जवळचे बोलतो. आपण पिढ्यान्‌पिढ्या या सीमाभागात वसलेली मराठी घराणी आहोत. भाषेसाठी आपण मोर्चे काढले, काळे दिन पाळले, मुलांना मराठी शाळांत घातले. त्या लढ्याचे मोल आम्ही कमी लेखत नाही. पण भाषा फक्त फलकावर आणि अर्जात नसते. कुळवाचे दिंड, फास, जानकुळे, रुमणे, इसाड, तिफणीचे चाडे, नळे आणि फण, नांगराचा हाळस, बैलांच्या मानेवरचे जू, त्याच्या शिवळा आणि जोती. हे शब्द आपल्या घरांतील साठीच्या आतल्या कितीजणांना अर्थासह सांगता येतील? ट्रॅक्टर आला म्हणून तिफण गेली हे ठीक. पण तिच्याबरोबर दहा-वीस मराठी शब्द गेले आणि कोणी एक निषेधाचा ठरावही केला नाही. ज्या शब्दांवर कोणत्याही सरकारने बंदी घातली नव्हती, ते आपण स्वहस्ते सोडले.

आणखी एक गोष्ट आपल्याला अवघड वाटली तरी सांगितली पाहिजे. हे शब्द सांभाळणाऱ्यांत कानडी बोलणारे पुष्कळ आहेत. आपल्याकडे ज्याला सुतार म्हणतात, तोच पलीकडच्या गल्लीत बडिगेर. आपला लोहार तो त्यांचा कम्मार. त्यांच्या भट्टीवर मराठी आणि कानडी गिऱ्हाईक एकाच फळीवर बसते आणि कोणत्या भाषेत काम सांगितले यावर धारेला कमीजास्त पाणी मिळत नाही. सीमाप्रश्नावरील आमचे मत या निरीक्षणाने बदलत नाही. परंतु आपली भाषा कोणी जिवंत ठेवली याचा जमाखर्च मांडताना या फळीचेही नाव लिहावे लागेल.

शब्द वाचवता येतात, याचा दाखला आपल्याच भाषेत आहे. घरोघरची जाती थांबत चालली होती तेव्हा हेमा राईरकर आणि गी प्वातवें यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या जमवल्या आणि त्या कामातून एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह उभा राहिला. जाते थांबले ते योग्यच झाले. पण त्यावर बसून बायकांनी जे रचले होते ते हरवू दिले नाही. ओव्यांसाठी जे झाले ते हत्यारांच्या शब्दांसाठी का होऊ नये? त्याला मोठा निधी लागत नाही. वही, पेन्सिल आणि एखाद्या वृद्ध सुताराजवळ दोन दुपारी स्वस्थ बसण्याची तयारी, एवढे पुरे.

म्हणून आमच्या मागण्या तीनच आहेत, आणि त्या सरकारकडे नसून आपल्याचकडे आहेत. पहिली, येत्या खंडेनवमीला माळ्यावरून उतरवलेले हत्यार दसऱ्यानंतर पुन्हा वर जाऊ नये. ते लोहाराकडे जावे, त्याला नवा दांडा बसावा, धार लागावी आणि मजुरी पुरती दिली जावी. घरात चालवणारा नसेल तर ते चालवणाऱ्याच्या हाती द्यावे, मग तो आपल्या नात्याचा असो वा नसो. दुसरी, उन्हाळ्यात येणाऱ्या घिसाड्यांना भट्टी मांडण्यासाठी गावात सावलीची जागा आणि पाण्याची सोय असावी, आणि त्यासाठी पंचायतीत शब्द टाकण्याचे काम आपल्या वजनदार घराण्यांनी करावे. तिसरी या मंडळासाठी आहे. पुढील वर्षभर या त्रैमासिकाच्या प्रत्येक अंकात दोन पाने सीमाभागातील हत्यारे, त्यांचे भाग आणि त्यांची मराठी-कानडी नावे यांसाठी राखून ठेवावीत. चार अंकांत एक छोटा कोश उभा राहील.

यांतील काही अशक्य आहे असे आम्हांला वाटत नाही. कोणी म्हणेल, एवढ्याने काय होणार? कदाचित फार होणार नाही. पण किलोच्या भावाने काय होते ते आम्ही पाहिले आहे. शेजाऱ्याने त्या दिवशी नेलेला वाकस आम्ही परत मागितला नाही. तो अजून त्याच्याकडेच आहे. गेल्या वर्षी त्याने त्याला चौथा दांडा बसवून घेतला आणि त्याचा थोरला मुलगा आता त्यानेच गोठ्याच्या मेखा तासतो. आमच्या घराण्याचा वारसा तेथे नीट चालू आहे.